दुसऱ्याच्या काचेतलं हरीण

थेन हॅडलॉक खोटं बोलत नाही, असं पर्ली गावात कुणीही छातीठोकपणे सांगायचं. यात थेनची फार मोठी कर्तबगारी होती अशातला भाग नाही. जिल्ह्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर चालवणारा माणूस तो. उन्हाळ्यात नव्वद मैल खडीचे रस्ते खरवडून सपाट करायचे, हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचं बर्फ बाजूला लोटायचं. दिवसभर केबिनमध्ये एकटा. खोटं बोलायला समोर माणूस तरी हवा ना! पण गावाला तेवढा विचार करायला वेळ नसतो. सेहेचाळीस वर्षं थेनचं नाव स्वच्छ होतं, आणि त्यालाही त्याची सवय झाली होती.

शिकारीत मात्र त्याचं नशीब तोकडं होतं. दर ऑक्टोबरला परवाना काढायचा, दर ऑक्टोबरला फ्रीजर भरेल एवढं एखादं म्यूल हरीण आणायचा, पण शिंगांच्या नावानं शंख. त्याचा मेहुणा लवार, बायकोचा भाऊ, दरवर्षी पिकअपच्या मागच्या फळीवर हात ठेवून तेच विचारायचा, "थेन, याला आईला सांगून आणलंस ना रे? नाहीतर बिचारी संध्याकाळी हाका मारत बसेल." लोक हसायचे. थेनही हसायचा. आतून मात्र चडफडायचा, आणि ते बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बायको म्हणजे जनील. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, जाड भिंगांचा चष्मा लावायची, आणि घरामागच्या पाणथळीत उतरणाऱ्या क्रौंच पक्ष्यांवर तिचा भारी जीव. साध्या दुर्बिणीतून तिला ते राखाडी ठिपके दिसायचे. त्या सप्टेंबरात तिनंच विषय काढला.

"एकडोळी मोठी दुर्बीण घेऊ या. ती तीन पायांवर उभी करतात ना, तसली. तुला शिकारीला होईल, मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाखरं बघायला होईल. पण चारशे डॉलरच्या वर एक दमडी नाही हं."

"चारशेत काय येतंय? खेळणं येईल."

"मग खेळण्यातलं त्यातल्या त्यात शहाणं खेळणं बघ."

आयडाहो फॉल्स शहरातल्या दुकानात तीस दिवसांत माल परत घेत. थेननं तीन दुर्बिणी एकदम उचलून आणल्या, जशी काही स्थळंच बघायला बोलावली. आणि खोऱ्यात कुणालाही दुर्बीण घ्यायची म्हटलं की जिथं जातात तिथं गेला. बॅचलर डोंगरासमोर, रस्त्याकडेला गाड्या उभ्या करायच्या थांब्यावर, रुलन सोरेन्सनकडे.

रुलन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एकतीस वर्षं त्यानं खोऱ्यातल्या प्रत्येक गल्लीबोळात टपाल टाकलं. निवृत्तीच्या पैशातला चांगला मोठा घास देऊन एक जर्मन काचेची दुर्बीण घेतली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ती थांब्यावर लावून, घडीच्या खुर्चीत बसून, थर्मासातला कोको पीत डोंगर बघायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचा. प्रवाशांच्या पोरांना रानमेंढ्या दाखवायचा. घरी एकटाच होता. दोन वर्षांपूर्वी गुडघा बदलून घेतला होता, तो काही धड बसला नव्हता. पण माणूस असा ताठ, की थेननं जाताजाता ग्रेडरनं त्याच्या दारातलं बर्फ ओढलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थेनच्या पायरीवर सफरचंदं घालून भाजलेला केक झाकून ठेवलेला. फिटंफाट. कुणाचं उसनं घ्यायचं नाही, कुणाला काही मागायचं नाही. आमच्या खोऱ्यातले म्हातारे सगळे याच मातीचे.

"ब्रदर सोरेन्सन," थेन म्हणाला. चर्चमधली सवय, आमच्याकडे वडीलधाऱ्याला ब्रदरच म्हणतात. "यातली कुठली ठेवू?"

रुलननं तिन्हींकडे पाहिलं. "आधी हे साठ पट, सत्तर पट विसर. दुकानदार आकडा विकतो, तुला काच घ्यायचीय. पंचेचाळिसाच्या पुढं नेलंस की दुपारी सगळा डोंगर खिरीसारखा उकळायला लागतो. काय दिसणारेय त्यात, कपाळ? आणि चारशेतले शंभर तिकाटण्यात घाल."

"ट्रायपॉडमध्ये? शंभर?"

"मग! वाऱ्यात लटपटणाऱ्या तीन हजाराच्या दुर्बिणीपेक्षा धोंड्यासारखी उभी राहणारी तीनशेची परवडली. आता ती पलीकडची टपालपेटी दिसते का? कुंपणाच्या कोपऱ्यावर. तिच्यावरचं नाव वाच. मला ते पाठ आहे, तेव्हा थापा मारू नकोस."

पहिली दुर्बीण तोफेएवढी होती, पण कडेला सगळं जांभळं पडायचं. दुसरी नाजूक, खिशात मावेल अशी. सूर्य होता तोवर छान, उन्हं कलली की आंधळी. तिसरी मधल्या आकाराची, पासष्ट मिलिमीटरच्या काचेची, डोळा लावायची बाजू वाकडी. तिच्यातून उन्हं गेल्यावरही थेननं नाव वाचलं.

"जनीलला चष्मा आहे ना?" रुलननं विचारलं. "मग उद्या तिला आण. चष्म्यावरून सगळ्यांतच दिसतं असं नाही."

दुसऱ्या दिवशी जनील आली. पहिल्या दोन्हीत तिला काळ्या भोकात मटारएवढं चित्र दिसलं. तिसरीतून ओढ्याकाठचा क्रौंच पाहिला आणि ती किंचाळलीच. "अगं बाई! याच्या चोचीत बेडूक आहे! पाय हलवतोय!"

"झालं तर," रुलन म्हणाला. "घरच्या बाईला दिसली, ती ठेवायची. एवढं सोपं असतं हे." तो खुशीत होता. जनीलला त्यानं स्वतःच्या कपातून कोको दिला.

इथवर सगळं गोड होतं. इथंच थांबलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

आमच्याकडे शिकारीचे दोन कायदे आहेत. एक सरकारी, तो पुस्तकात छापलेला असतो आणि दुकानात फुकट मिळतो. दुसरा कुठं छापलेला नाही, पण शेंबडं पोरही तो जाणतं. दुसऱ्याच्या काचेतून दिसलेलं जनावर दुसऱ्याचं. तुम्ही त्याची दुर्बीण वापरलीत, त्याची जागा वापरलीत, त्याचे महिने वापरलेत. मग त्या जनावरामागं जायचं नाही, आणि दिसलं तर "दिसलं" म्हणायचं. बस, एवढंच.

दोन दुर्बिणी परत करून, तिसरी पक्की करून थेन शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा थांब्यावर गेला. मोसम सुरू व्हायला पंधरा दिवस होते. रुलन त्या दिवशी जरा गप्प होता. तो आपल्या दुर्बिणीशी बराच वेळ खुटखुट करत राहिला, मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

"तू माझ्यातनं कधी नीट बघितलंच नाहीस. मुद्दाम बघू दिलं नाही आधी, नाहीतर तुला तिन्ही भिकार वाटल्या असत्या. बघ आता. मी जरा खाली ओढ्यापर्यंत जाऊन येतो."

थेन वाकला. बॅचलरच्या छातीवर, दोन कड्यांच्या बेचक्यात, झुडपांचा एक हातरुमालाएवढा तुकडा होता. त्या तुकड्यात एक नर बसलेला. एवढी शिंगं थेननं फक्त शिकारीच्या सामानाच्या दुकानात भिंतीवर टांगलेली पाहिली होती. जाड, काळपट, वर जाऊन चार-चार फाटे फुटलेली, आणि डाव्या बाजूला एक टोक खाली लोंबणारं. नर रवंथ करत होता. म्हातारा नळी दुसरीकडे फिरवायला विसरला, एवढंच थेनच्या डोक्यात आलं. म्हातारा विसरला.

रुलन परत आला तेव्हा थेन सरळ उभा होता.

"मग? दिसलं काही?"

"काच झकास आहे," थेन म्हणाला. "खडक तर हाताला लागतील असे दिसतात."

"खडक."

"हो. खडकच."

रुलननं रुमाल काढून नाक पुसलं. "बरं," तो म्हणाला. त्यानं नळी हळूच रस्त्याच्या बाजूला वळवली आणि नंतर हवापाण्याचं बोलत राहिला.

घरी जाताना थेनचे कान तापले होते. आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं, आणि ते लोण्यातून सुरी जावी तसं गेलं! स्वतःला तो समजावत होता की आपण काही केलेलं नाही. बोलायला सुचलं नाही, एवढंच. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलंस, हा प्रश्न आला. असंच असतं ते, खरं एकदा शिळं झालं की तोंडात धरवत नाही.

आणि मग त्यानं काय करावं? तो नेमका त्याच आठवड्यात थांब्याजवळचा रस्ता खरवडायला लागला. तो रस्ता चांगला होता, खरवडायची काही गरज नव्हती. दुपारी रुलन तिथं नसायचा. भर दुपारी थेन ग्रेडर आडवा लावायचा, सँडविच तोंडात धरायचा आणि चाकाआड आपली नवी तीनशे डॉलरची दुर्बीण उभी करायचा. बेचक्यातला तो तुकडा खोऱ्यात फक्त तिथूनच दिसतो, दुसरीकडून कुठूनही नाही. उकळत्या हवेत नर तिथं कधी बसलेला, कधी उभा. "आता मी माझ्या काचेतून बघतोय," थेन स्वतःशी म्हणायचा. "माझ्या काचेतलं माझं." आयत्या बिळावरचा नागोबाही इतकी कारणं देत नसेल.

दहा ऑक्टोबरला मोसम उघडला. थेन उत्तरेच्या घळीतून चढला. रुलन थांब्याच्या बाजूनं चढणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो उत्तरेनं चढला. उजाडलं तेव्हा तो बेचक्यासमोरच्या धारेवर पालथा पडलेला होता, तीनशे यार्डांवर. नर झुडपातून बाहेर येऊन चरत होता. थेननं दुर्बीण लावली, शिंगं मोजली, लोंबतं टोक पाहिलं. मग नळी थोडी खाली सरकली आणि तिच्यात रुलन आला.

लाल लोकरी टोपी, जुनी बंदूक, हातात काठी. तो बेचक्याच्या खाली अर्ध्या तासाच्या चढावर होता. वीस पावलं चढायचा, काठीवर रेलायचा, गुडघा चोळायचा, पुन्हा वीस पावलं. स्वस्तातली असली तरी काच खरंच चांगली होती. म्हाताऱ्याचं उघडं तोंड, गालावरचा घाम, सगळं दिसत होतं. तो वर बघून हसलासुद्धा, स्वतःशीच.

थेनला फक्त थांबायचं होतं, दुसरं काही नाही. अर्धा तास पोटावर पडून राहायचं होतं. पण माणसाला नको ते करायचं असलं की कारणं रांग लावून उभी राहतात. नर तोवर निघून जाईल. म्हाताऱ्याचा आवाज होईल. म्हाताऱ्याला एवढं जनावर खाली नेता येणार आहे थोडंच! परवाना सगळ्यांनाच असतो. त्यानं दुर्बीण बाजूला केली, बंदूक खांद्याला लावली आणि एका गोळीत नर पाडला.

मग पुन्हा दुर्बिणीत पाहिलं. का पाहिलं, देव जाणे. रुलन दगडावर बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, तोंड आवाजाच्या दिशेला.

थेन जनावरापाशी पोचला, परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली आणि सुरी हातात घेऊन नुसता उभा राहिला. पाऊण तासानं रुलन धापा टाकत वर आला. बंदुकीचा आवाज ऐकला की जवळचा माणूस मदतीला येतोच, आमची रीतच आहे ती.

"अरे, तू होय, थेन! मला वाटलं कुणी परगावचा. चला, गावातल्या माणसाला तरी मिळालं." त्यानं थेनचा हात हातात घेऊन जोरात हलवला. मग काठी टाकून खाली बसला आणि नराच्या डाव्या कानावरून बोट फिरवलं. कान टोकाशी चिरलेला होता. "तारेत अडकला होता हा, दोन वर्षांखाली. तेव्हा तीनच फाटे होते. गेल्या साली माझ्या बंदुकीसमोर आडवा उभा राहिला होता, म्हटलं, जा बाबा, अजून एक वर्ष खा."

थेन सुरी विजारीला पुसत राहिला.

"कुठनं हेरलास?" रुलननं सहज विचारलं, नराचे मागचे पाय धरत.

"नव्या दुर्बिणीतून," थेन म्हणाला. "स्मशानाच्या रस्त्यावरून."

रुलनचे हात थांबले. एकतीस वर्षं त्या रस्त्यानं टपाल टाकलेला माणूस तो. कुठल्या वळणावरून बॅचलरची कुठली बाजू दिसते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो थेनकडे बघत राहिला, मग त्यानं नजर खाली वळवली.

"असं," तो म्हणाला. "पाय घट्ट धरतो मी. तुम्ही चालवा सुरी, ब्रदर हॅडलॉक."

तुम्ही! ज्याला पाळण्यात पाहिलं, ज्याला आजवर 'लेका' म्हणून हाक मारली, त्याला म्हातारा तुम्ही म्हणाला. थेनला वाटलं, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण रुलननं शिवी दिली नाही. पोट साफ करायला मदत केली, मांस पिशव्यांत भरू लागला, पुढचा एक फरा स्वतःच्या पाठीवर बांधून घेतला, नको नको म्हटलं तरी. उतरताना त्याचा गुडघा दर पावलाला वाजत होता. थेन पुढं होता आणि तो आवाज त्याला पूर्ण रस्ताभर ऐकू आला.

खाली हायवेवर शिकारीचा सरकारी नाका असतो, तिथं थांबावंच लागतं. वहीवाल्या मुलीनं नराचे दात बघितले. "साडेसहा वर्षांचा तरी आहे! या मोसमात एवढ्या वयाचा पहिलाच. किती दिवस शिकार केलीत?"

"एक."

"एकाच दिवसात? नशीब काढलंत हो!" तिनं लिहून घेतलं, एक दिवस. थेननं मान हलवली. या हरणापायी दोन वर्षं कुणी घातली, ते लिहायला तिच्या वहीत रकाना नव्हता.

गावात तर दिवाळीच झाली. लवारनं पिकअपची फळी पाडली आणि पहिल्यांदाच त्याची वाचा गेली. मग म्हणाला, "थेन, याला आई-बापच नाहीत, हाच सगळ्यांचा बाप आहे!" मुंडकं भुसा भरायला त्यानंच नेलं, पैसे मी देतो म्हणाला. चर्चच्या हॉलमधल्या जेवणात बटाट्याच्या भांड्यांपाशी लोक थेनला गराडा घालून उभे. कुठली दुर्बीण? कितीची? कुठल्या दुकानातली? थेन खाली बघून आकडे सांगत होता.

तेवढ्यात रुलन ताटली घेऊन तिथून गेला. कुणीतरी त्याला अडवलं, "काय ब्रदर सोरेन्सन, तुमच्या जर्मन काचेला तीनशेच्या काचेनं हरवलं की हो!"

"काच चांगलीच आहे ती," रुलन शांतपणे म्हणाला. "मीच निवडून दिली. सगळ्यांनी घ्यावी अशी आहे." आणि बटाटे वाढून घेऊन कोपऱ्यात एकटा जाऊन बसला.

त्या महिन्यात गावात तसल्या चार दुर्बिणी आल्या. लोक त्या घेऊन थेनकडे यायचे, आणि थेन त्यांना रुलनचेच शब्द ऐकवायचा, साठ पट विसरा, शंभर तिकाटण्यात घाला. बोलताना त्याला स्वतःची किळस यायची. घरची दुर्बीण जनीलनं खिडकीत लावली होती. शेवटचे क्रौंच दक्षिणेला निघाले होते. "ये ना, बघ ना," ती रोज बोलवायची, आणि तो रोज काहीतरी काम काढायचा. त्या काचेला डोळा लावला की त्याला दगडावर बसलेला, टोपी काढलेला म्हातारा दिसायचा.

"तुला झालंय तरी काय?" एका सकाळी जनीलनं नाश्त्याची ताटली त्याच्यापुढं आदळली. "आयुष्यभर शिंगं शिंगं करत होतास. मिळाली तर सुतक धरल्यासारखा बसतोस."

त्यानं सांगितलं. खडकापासून स्मशानाच्या रस्त्यापर्यंत सगळं. जनीलनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली.

"त्यांनी मला स्वतःच्या कपातून कोको दिला रे," ती म्हणाली.

"माहितेय."

"मग मला काय सांगतोयस? त्यांना सांग. मनाची नाही तर जनाची तरी ठेव."

नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडून गेल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला थेन थांब्यावर गेला. रुलन होता. दुर्बीण लावलेली, पण तो तिच्यातून बघत नव्हता, नुसता डोंगराकडे बघत बसला होता. त्यानं गाडी लांब, रस्त्याच्या उताराखाली ठेवली होती, कारण थांब्यावर बर्फाचा ढीग होता. तो ढीग काढायचं काम थेनचं, आणि आठवडाभर त्यानं तो काढला नव्हता. तोंड दाखवायला लागेल म्हणून.

"ब्रदर सोरेन्सन, मला सांगायचंय."

"सांगा."

"मी त्या दिवशी खोटं बोललो. तुमच्या काचेत मला तो नर दिसला होता. तुम्ही नळी फिरवायला विसरलात, आणि मी गप्प बसलो. मग चोरून इथूनच बघत राहिलो. आणि त्या सकाळी तुम्ही चढताना दिसत होतात मला. दिसत होतात, तरी मी गोळी घातली." तो एका दमात बोलला. "शिंगं तुमची आहेत. मी आणून देतो. चर्चमध्ये उभा राहून सांगतो हवं तर."

रुलननं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

"विसरलो नव्हतो मी," मग तो म्हणाला.

"काय?"

"नळी. विसरलो नव्हतो. मुद्दाम लावून गेलो होतो, तुला दिसावा म्हणून. मला ओढ्यावर काय काम होतं? हा गुडघा घेऊन एकट्यानं ते जनावर खाली आणणं मला जमणार नव्हतं, थेन. माणूस हवा होता. आता लेका, तोंड उघडून मागायचं कसं? आमच्या बापाच्या वेळेपासून असंच करतात. जनावर दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. समोरचा 'दिसलं' म्हणाला की दोघं मिळून जायचं, गोळी ज्याला जमेल त्यानं घालायची. म्हटलं, थेनला कधी बरं जनावर मिळालं नाही. त्यालाच घालू द्यावी." तो थांबला. "परत आलो तर तू म्हणालास, खडक. मला वाटलं, दिसलं याला, पण म्हाताऱ्याचं ओझं नको असेल. तसं तोंडावर सांगवत नसेल, म्हणून खडक म्हणाला. घरी जाऊन मलाच लाज वाटली, की उगाच पोराला अडचणीत टाकलं."

थेन मेल्याहून मेल्यासारखा उभा होता. जे हातावर ठेवलं होतं ते त्यानं चोरलं होतं.

"शिंगं राहू द्या तुमच्याकडे," रुलन म्हणाला. "चिठ्ठी तुमची लागलीय त्यांवर."

तो उठला. खुर्ची मिटून काखेत मारली, दुर्बीण तिकाटण्यासकट खांद्यावर घेतली. उतार बर्फानं निसरडा झाला होता. थेन झटकन पुढं झाला, तिकाटण्याला हात घातला.

"द्या, मी घेतो."

"राहू द्या, ब्रदर हॅडलॉक," रुलननं हात अलगद बाजूला केला. "मी नेतो."

तो निघाला. वीस पावलं चालायचा, थांबायचा, गुडघा चोळायचा, पुन्हा वीस पावलं. थेन मोकळ्या हातांनी त्याच्या मागून चालत राहिला, गाडीपर्यंत.